भरलेली पोथी

बोलतेय खरी मी, पण जरा बिचकतच. माझ्या पोटात दुसऱ्यांचे इतके शब्द आहेत, की स्वतःचा एखादा उच्चारला तर तो ठेवायचा कुठे तेच कळत नाही. मी पवित्र शास्त्राची एक लहानशी प्रत. काळा पुठ्ठा, तांबड्या कडा, तळहातापेक्षा थोडी मोठी.

मुंबईला मी छापली गेले आणि पेटीतून नगरला आले. मिशनच्या बोर्डिंगात पाठांतराचं बक्षीस म्हणून लिडियाच्या हाती पडले. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि पानंच्या पानं तिला तोंडपाठ होती. त्यातलं कळलं किती, हे ती सांगत नसे. मीही विचारत नसे.

लग्न होऊन ती राहुरीजवळच्या खेड्यात आली, तिच्या ट्रंकेतून मीही आले. सासरी अर्धं घर ख्रिस्ती झालेलं, अर्धं आपल्या देवांपाशी राहिलेलं. मधली भिंत मात्र एकच. भिंतीपलीकडे तिची चुलतसासू मनकर्णा राहायची. त्रेचाळीस साली लिडियाचा नवरा कृपादान लष्करात गेला. दोन महिन्यांनी त्यांची मुलगी हन्ना जन्मली.

आता पाचवीचं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. मूल पाच दिवसांचं झालं की आमच्याकडे पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, असं मानतात. लिडिया सटवाईला मानत नव्हती. पण पाट मोकळा ठेवायचाही तिला धीर होईना. मग तिनं पाटावर मला ठेवलं.

बायका जमल्या होत्या. मनकर्णानं मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "लिडे, सटवाईनं लिवावं कुटं? तुजं पुस्तक तर आदीच लिवून भरलंय."

सगळ्या खदखदून हसल्या. लिडियाही हसली. मला तेच जास्त लागलं.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'भरली पोथी'. पाण्याला गेली की कुणीतरी म्हणायचं, सरका गं, भरली पोथी आली. हन्नाचं पोट बिघडलं, तर पोथीत दवा लिवली न्हाई का, म्हणून विचारायच्या. लिडिया घरी येऊन ठणकावून द्यायची उत्तरं जुळवत बसायची. चांगली असायची ती. पण ऐकायला मी एकटी.

आपल्या माणसांत तरी आधार मिळेल, म्हणून तिनं प्रार्थनासभेनंतर मिशनशाळेच्या दानीएल मास्तरांना पाचवीचा प्रकार सांगितला. ते म्हणाले, शास्त्र वाचायचं असतं लिडियाबाई, पाटावर पुजायचं नसतं. सभेतली माणसंही हसली. एका बाजूला मी भरलेली म्हणून हसू, दुसऱ्या बाजूला मी पाटावर बसले म्हणून. मी नेमकी कोण, हे मलाच कळेनासं झालं.

खरं सांगायचं तर लिडियालाही कळत नव्हतं. बाळाला दृष्ट लागते हे खोटं, असं ती बोर्डिंगात शिकलेली. तरी हन्नाच्या गालावर तीट लावायची. लावून झाली की मनातून घाबरायची आणि मला उघडायची, त्याच बोटानं. आजारी मुलीच्या बापाची गोष्ट आहे त्या पानावर तिच्या काजळाचा ठसा अजून आहे.

शेवटी एक दिवस तिनं मला फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत खुपसलं. उंदरांपासून जपायला, असं ती स्वतःशी म्हणाली. उंदीर कणगीतच होते.

पावसाळा गेला, सुगी तोंडावर आली. ज्वारी माझ्या अंगाखालून रोज थोडी कमी होत होती आणि मी खाली खाली जात होते. आज दुपारी मनकर्णाचा आवाज ऐकला. सहा दिवस तिचा नातू गोरक्ष तापानं फणफणला होता.

"लिडे, तुजं ते पुस्तक दे. उशाला विळा ठिवून झाला, अंगारा झाला. गावातल्या कारभारीची बैलगाडी सांगितलीय, नगरच्या दवाखान्यात नेते त्याला. गाडी येईस्तवर पुस्तक तरी राहू दे त्याच्याजवळ."

लिडियानं कणगीवर हात ठेवला. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला कणगीतूनही कळत होतं. द्यावं, तर माझा ताईत होतो, आणि मास्तर पुन्हा तेच म्हणतील. न द्यावं, तर पोर तापलंय. ती कशीबशी म्हणाली, "आत्याबाई, ते उशाला ठेवायचं नसतं. वाचायचं असतं."

"मंग वाच की. मला कुटं येतंय?"

कोपरापर्यंत हात घालून तिनं मला बाहेर काढलं. हन्नाला कडेवर घेतलं आणि भिंतीपलीकडे गेली. दारात दोघीतिघी बायका उभ्या होत्या. भरली पोथी आली, असं एकीनं पुटपुटलं आणि दुसरीनं पदर तोंडाला लावला. लिडियाचे कान तापले. तिनं मला उघडलं. मी आपोआप काजळाच्या ठशापाशी उघडले. माझा नाइलाज होता.

ती वाचू लागली. आजारी मुलीचा बाप प्रभूपाशी धावत येतो. निरोप येतो की मुलगी गेली, आता कशाला त्रास देता. तरी प्रभू त्याच्या घरी जातोच. मुलगी मेलेली नाही, झोपलीय, असं म्हणतो. आणि जमलेली माणसं त्याला हसतात.

इथे लिडिया थांबली. दारातलं हसू केव्हा थांबलं होतं, कुणास ठाऊक. मनकर्णा गोरक्षच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "हसले. मंग?"

लिडियाची नजर पुढच्या ओळीवर आहे, तिथं ती मुलगी उठून चालू लागते. ती ओळ वाचली, तर म्हातारीला ते वचन दिल्यासारखं वाटेल. आणि गोरक्षचं काय होणार, ते माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. मनकर्णा, त्या दिवशी तू चुकलीस. मी भरलेली होते, पण सगळं कुठे होतं माझ्यात?

बाहेर गाडीची घुंगरं वाजताहेत. लिडिया, हे त्या मुलीचं लिहिलंय, आपल्या पोराचं मला ठाऊक नाही, एवढं म्हातारीला सांग. आणि मग वाच. मला माझं वाचता येत नाही गं.