डावऱ्याचा खांदा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डावऱ्याचा खांदा निखळला. त्याचा हंगाम संपला, असं भाऊजींनी फोनवर सांगितलं आणि चष्मेवाल्याने हातातली काच कापडावर ठेवली.

डावरा हा संगणकावरच्या बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. या खेळात बॅट कोणी फिरवत नाही. संघ निवडायचा, कोणाला कधी उतरवायचं ते ठरवायचं, बाकी संगणक बघतो. सहा जणांची ही लीग भाऊजींच्या, म्हणजे चष्मेवाल्याच्या बहिणीच्या नवऱ्याच्या, संगणकावर चालते. बाकीचे फोनवरून संघ कळवतात. दमलेल्या पिचरला उतरवलं की टुंग वाजून पिवळी चौकट येते: दुखापतीची शक्यता, तरीही खेळवायचं? ‘हो’ दाबल्याशिवाय सामना पुढे सरकत नाही. चौकट आली की भाऊजींनी फोन करून विचारायचं, असा शिरस्ता.

रविवारी अंतिम सामना, समोर भाऊजींचाच संघ. डावऱ्याशिवाय चष्मेवाल्याला विजेतेपद मिळणं कठीण होतं, आणि ते त्याला आजवर एकदाही मिळालेलं नव्हतं.

भाऊजींच्या मते चौकट आलीच नाही. ताज्यातवान्या खेळाडूलाही कधीकधी उभ्या उभ्या दुखापत होते, हे खरं. पण डावरा सलग तिसरा सामना खेळत होता. चौकट आली तर बदलू, या भरवशावर चष्मेवाल्यानेच त्याला उतरवलं होतं.

त्याने ताईला फोन लावला. सामना चालू असताना ती संगणकाच्याच खोलीत इस्त्री करत होती.

“त्याला हाडं तरी आहेत का रे?” ती हसली. मग म्हणाली, “टुंग वाजलं होतं खरं. पण ते दिवसभर वाजतंच. मला मध्ये ओढू नकोस.”

पाणी कुठेतरी मुरत होतं. दुकान बंद करून तो ताईकडे गेला. भाऊजींनी सेटिंग उघडून दाखवलं. दुखापतीच्या सूचना चालू होत्या.

“बघ. मी काही बंद केलेलं नाही.”

“म्हणजे चौकट यायलाच हवी होती, भाऊजी.”

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. तो चष्मेवाल्यानेच करून दिलेला होता. घाईत एंटर दाबला गेला असेल, असं ते म्हणाले. मग म्हणाले, तसं केल्याचंही आठवत नाही.

शुक्रवारचा सामना पुन्हा खेळवायचा का, हे लीगमधल्या उरलेल्या चौघांवर सोपवलं. मतांची बरोबरी झाली तर निकाल आणि दुखापत कायम. शनिवारी दुपारपर्यंत दोघे हो म्हणाले होते, एक नाही. चौथा फोन उचलत नव्हता. तो भाऊजींच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसतो.