पलीकडच्या टोकावरून

“पुस! पुस! अगं, जोरात पुस!”

मागून कोरीन ओरडत होती आणि लव्होन वाकून, अंगाचा सगळा भार ब्रशवर टाकून, दगडाच्या पुढचा बर्फ घासत होती. तो वजनदार लाल दगड गुरगुरत तिच्या पायांशी सरकत होता. रंगीत वर्तुळं हाताशी आली असतानाच तिचा डावा गुडघा गेला. फार दुखलाही नाही. जिथे असायला हवा होता तिथे नव्हता, एवढंच. लव्होन बर्फावर बसली. पडता पडता तिने ब्रश उचलून लांब धरला होता. ब्रश चालत्या दगडाला लागला तर दगड बाद होतो, आणि ते कुणी पाहिलेलं नसलं तरी आपणच हात वर करून सांगायचं असतं.

जोडीला पुसणारी डेब एकटीच दगडाबरोबर पुढे गेली. दगड बाहेरच्या वर्तुळात जाऊन थांबला, तेव्हा ती मागे वळली.

“लागला का गं दगडाला?”

“नाही. दगडाला नाही लागला.”

“आणि तुला?”

“मला काय होतंय?”

सस्कॅचवान प्रांताच्या ज्येष्ठ महिलांचा, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगचा, अंतिम सामना होता तो. शेवटची फेरी, गुण बरोबरीत, आणि कोरीनच्या हातात शेवटचा दगड. तो मधल्या ठिपक्यावर बसला की एक गुण, सामना, आणि प्रांताचं हिरवं जॅकेट. ते जॅकेट घालून देशाच्या स्पर्धेला जायचं. त्या जॅकेटसाठी लव्होन हरिंकिव्हने आपले हिवाळे घालवले होते. तरुणपणी त्यांचा संघ दोनदा अंतिम सामन्यात पोचला आणि दोनदा हरला. दर वेळी घरी आल्यावर तिचा नवरा मेट्रो गोठ्यातून विचारायचा, “काय गं, जॅकेट आणलंस?” ती म्हणायची, “माझ्या मापाचं नव्हतं.” मेट्रो जाऊन आता दोन वर्षं झाली होती. गायी विकल्या होत्या. विचारणारं कुणी नव्हतं. तरी गाडी अंगणात वळवताना तिचे कान गोठ्याकडेच असत.

ती संघातली पहिली. पहिलीने आपले दोन दगड टाकायचे आणि मग बाकीच्या तिघींचे पुसायचे. कप्तान कोरीन दगड टाकायची तेव्हा पलीकडे वर्तुळांपाशी ब्रश टेकवून नेम दाखवायचा आणि ‘पुसा’ची पहिली हाक द्यायची, ते शॅरनचं काम. तिने खेळायला सुरुवात केली तेव्हा खरे झाडू असायचे, लांब काड्यांचे. गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चौघीजणी झाडू आपटायला लागल्या की धान्य झोडपल्यासारखा आवाज व्हायचा, आणि घरी परतताना केसांत काड्यांचा भुसा असायचा. कोपऱ्यात कोळशाची शेगडी. तिच्यावर पातेल्यात कॉफी उकळून उकळून काळी झालेली. त्या शेडमध्येच सतरा वर्षांची कोरीन तिला म्हणाली होती, “मी टाकते, तू पुस.” इतकंच ठरलं, आणि ते कधी बदललं नाही. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो कोरीनचा, एका पायावर घसरत दगड सोडतानाचा. लव्होनच्या ब्रशचं टोक तेवढं कडेला दिसायचं. कोरीनच्या प्रत्येक दगडाआधी तो पालथा करून तळ पुसायचा आणि हँडल तिच्या उजव्या हाताला येईल असा ठेवायचा, हेही लव्होनचं काम. कुणी सांगितलं नव्हतं.

ती ब्रशला धरून उठेपर्यंत कोरीन तिच्यापर्यंत येऊन पोचली होती. इतक्यात रोंडा ओलेक्सिनने, म्हणजे विरुद्ध संघाच्या कप्तानाने, आपला शेवटचा पिवळा दगड टाकला. तो ठिपक्याच्या कडेला अलगद टेकून बसला. काचेमागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“तू शॅरनच्या जागी जा,” कोरीन म्हणाली. “तिकडे उभी राहून मला ब्रश दाखव. शॅरन पुसेल.”

“शॅरन? तिला पुसताना बघितलंयस? घरची फरशी तरी बरी पुसते.”

“ऐकू येतंय मला!” वर्तुळांमागून शॅरन ओरडली.

“तुझा दगड आजवर मी पुसलाय, कोरीन.”

“म्हणूनच सांगतेय.” कोरीनने आवाज खाली आणला. “तू परत पडलीस आणि दगडाला लागलीस, तर कुणी बघितलं नसलं तरी हात वर करशील. ओळखत नाही होय मी तुला?”

 लव्होन सुरुवातीच्या टोकाला परत गेली, शेवटचा लाल दगड पालथा केला, तळ हातमोज्याने पुसला, हँडल फिरवून ठेवलं आणि चालायला लागली. वर्तुळांच्या दिशेला एवढं लांब चालणं, शेजारून दगड सरकत नसताना, तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. शॅरन समोरून आली. जाता जाता तिने लव्होनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “फरशीच समजते.”

वर्तुळांच्या मागे रोंडा उभी होती. पन्नाशी ओलांडलेली बाई. पण लव्होन शाळेची बस चालवायची तेव्हा लहानग्या रोंडाला तिनेच रोज नेलं होतं, त्यामुळे तिच्या लेखी ती पोरच.

“गुडघा बरा आहे ना, मिसेस एच?”

“बसच्या गोठलेल्या लोखंडी दांड्याला जीभ चिकटवून बसली होतीस ना एकदा? त्या जिभेपेक्षा बरा आहे.”

“अहो, हळू! माझ्या पोरी ऐकतील.”

मग रोंडा ब्रश आडवा धरून निश्चल उभी राहिली. दुसऱ्याचा दगड येत असताना हलायचं नाही, हे तिलाही याच शेडांतून शिकवलेलं होतं.

या बाजूचा बर्फ दिवसभराच्या खेळाने जड झाला होता; पुसल्याशिवाय दगड आतपर्यंत पोचणार नव्हता. ते लव्होनच्या खांद्यांना ठाऊक होतं. तिने ब्रश ठिपक्याच्या डावीकडे टेकवला. पलीकडे, दोन बोटांएवढी दिसणारी कोरीन खाली बसली.

आणि दगड सुटला.

लव्होनने कोरीनचे हजारो दगड पाहिले होते, पण वरून. मान खाली घालून, दगडाची पाठ आणि पुढचा वीतभर बर्फ. समोरून येणारा दगड तिने कधी पाहिला नव्हता. तो पांढऱ्या लांबीवरून एकटा येत होता. हँडल सावकाश फिरत होतं, घाई नसलेल्या माणसाने मान वळवावी तसं. त्याच्या मागे कोरीन अजून बर्फावर अंग टाकून, हात पुढे केलेला, जणू दगड हातातून सुटलाच नाही. आपण एवढी वर्षं हे पुसत होतो. हे असं दिसायचं होय!

“लव्होन!” पलीकडून कोरीनची हाक आली. “वेग कसाय?”

“पुसा!” लव्होन ओरडली. “पुसा! जोरात!”

शॅरन आणि डेब तुटून पडल्या. शॅरनच्या तोंडून शिव्या येत होत्या. दगडाने वळण घेतलं, अडवायला ठेवलेल्या पिवळ्या दगडाला वळसा घालून आत आला आणि दमत चालला. लव्होन स्वतः पुसायला वाकली. गुडघा वाकला नाही. दगड रोंडाच्या पिवळ्याच्या अलीकडे थांबला; ठिपक्याला जवळचा पिवळाच राहिला. मोजपट्टी आणायची कुणाला गरज वाटली नाही.

हरल्यावर पहिला हात कप्तानाने द्यायचा असतो. लव्होन नेहमी शेवटची. पण कोरीन पलीकडच्या टोकाला होती आणि रोंडा इथे, शेजारी, हसायचं की नाही हे न कळून उभी होती. लव्होनने हातमोजा काढला.

“छान खेळलीस, पोरी.”

“तुम्हीपण, मिसेस एच.” रोंडाने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

वरच्या खोलीत जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, हा रिवाज. रोंडाच्या संघाने व्हिस्की विचारली. परतीचा रस्ता बर्फाचा आणि गाडी कोरीन चालवणार, म्हणून तिने कॉफी मागितली. काट्याने पेरोगी, बटाट्याचे उकडलेले कानवले, खात शॅरन आणि डेब दुसऱ्या टेबलावर रोंडाच्या पोरींबरोबर हिरवी जॅकेटं हाताळून बघत होत्या. “बाह्या लांब आहेत,” शॅरन म्हणत होती.

“पुढच्या हिवाळ्यात...” कोरीनने सुरुवात केली.

“पुढच्या हिवाळ्यात मी मंगळवारच्या काठीवाल्यांत. न वाकता, उभ्याने काठीने दगड ढकलायचा आणि मग सूप प्यायचं.”

कोरीन हसली नाही. काचेतून खाली, रिकाम्या बर्फाकडे बघत राहिली.

“तिकडून कसा दिसला गं?”

डेबला विचारलं असतं तर डेब म्हणाली असती, शॅरनने नीट पुसलं नाही. शॅरन म्हणाली असती, बर्फ जड होता. 

“सुंदर आला,” लव्होन म्हणाली. “मी बघतच राहिले, कोरीन. हाक द्यायचं सुचलंच नाही.”

 शेजारी कुणीतरी जॅकेट घालून फिरून दाखवत होतं, त्याचा गलका चालला होता.

“कुणी सांगितलं नव्हतं मला,” शेवटी कोरीन म्हणाली, “कसा दिसतो ते.”

वाढणारी पोरगी कॉफीचा मग ठेवून गेली. लव्होनने खालचा ओघळ बोटाने पुसला आणि मगाचा कान कोरीनच्या उजव्या हाताकडे फिरवून ठेवला.