नऊ नंबरचा प्लॉट

"हितं वाच," गणपतराव म्हणाले आणि चहाची बशी बाजूला सारून त्यांनी सातबाराच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. "मोठ्यानं वाच."

"इतर हक्क," बाबालालनं अडखळत वाचलं. "चिमणाबाई. बहीण."

"अडलं का न्हाय गाडं? हंबीरराव सही द्याला तयार हाय, आन् भनीचं नाव बसलंय हितं ठाण मांडून. जमीन बघाय गेलास की माती बघू नगंस. पयला ह्यो रकाना बघायचा. शिकलास?"

"शिकलो की."

शिकायलाच तर तो येत होता. कचेरीसमोरच्या त्या हॉटेलात दर सोमवारी जमिनीचे दलाल जमत. बाबालाल पिंजारी बाकाच्या टोकाला, कपड्यांवरचा कापूस झटकत बसे आणि सगळ्यांना चहा पाजे. सहा महिन्यांत त्याच्या पदरात तीन-चार नियम पडले होते. जागा मालकाबरोबर बघायची नाही, शेजाऱ्याबरोबर बघायची. रस्ता कागदावर आहे का ते विचारायचं. आणि घाई आहे हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. हा शेवटचा नियम त्याला काही केल्या जमत नव्हता. घाई त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलीच होती. एकाच खोलीत तो कापूस पिंजायचा आणि तिथंच त्याची बायको खैरुनबी भाकरी थापायची. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत तिचा खोकला असा काही बळावला की डॉक्टरनी सांगून टाकलं, चूल आणि कापूस वेगळे करा, नाहीतर बाई हाताला लागायची नाही. तेव्हापासून त्याला एक गुंठा जागा हवी होती. त्यावर दोन खोल्या. एकीत कापूस, एकीत चूल. यापलीकडे त्याची भूक नव्हती.

गणपतराव रिटायर तलाठी. नोकरीत असताना त्यांनी ज्या गाठी मारल्या, त्या आता ते सावकाश सोडवत होते आणि दोन्ही वेळचं खात होते. शहराबाहेर, गगनबावड्याच्या रस्त्याला हंबीररावाचं शेत होतं. त्याचे प्लॉट पाडायचं काम त्यांनी हातात घेतलं होतं.

"ही बाई गगनबावड्याकडं दिलीया," ते म्हणाले. "तू जातोस न्हवं तिकडं गाद्या भराय?"

"दर वर्साला. वैशाखात."

"मग हे तुझंच काम. आमच्यासारखा धोतरवाला दारात उभा ऱ्हायला की बाया आत पळत्यात. तुला मातूर चूलखंडापतोर नेत्यात. हक्क सोडल्याच्या अर्जावर अंगठा घे. एक लुगडं देतो, ते भावानं धाडलंय म्हणायचं. येवढं जमीव, आन् एक प्लॉट तुला शेताच्या भावानं. बोल."

बाबालालला आधी अभिमानच वाटला. सहा महिने बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाला आज कुणी मधे बोलावलं होतं. रस्त्यावर आल्यावर त्यानं पिशवीतलं हिरवं लुगडं चिमटीत धरून पाहिलं. कापसाशी जन्म गेलेला माणूस तो. त्याला उलगडूनही बघावं लागलं नाही. सूत आखूड धाग्याचं होतं आणि सगळी ऐट खळीची होती. दोन पाण्यांत त्याचं पोतेरं होणार होतं.

चिमणाबाईचं घर वस्तीच्या शेवटी होतं. नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यावर हंगामाचं काम करी, सासू अंथरुणाला खिळलेली. बाबालालनं मागच्या वर्षी त्याच सासूची गादी पिंजून दिली होती. कापूस पिंजायची कमान खांद्यावर घेऊन तो अंगणात आला तशी चिमणाबाई म्हणाली, "आलासा व्हय पिंजारीदादा? औंदा भराय काय न्हाय गा."

"भराय न्हाय आलो. तुमच्या भावानं धाडलंय." त्यानं लुगडं पुढं केलं.

ती ते घेईचना. आधी हात धुऊन आली, ते पदराला पुसले आणि मग दोन्ही हातांनी घेतलं. घडी न मोडताच तिनं ते नाकाशी नेलं.

"दादानं? माज्यासाटनं?" तिचे डोळे भरून आले. "बारा वर्सं झाली बघा. बा गेल्यापास्नं चिठी न्हाय, निरोप न्हाय. मी म्हनत हुतो, इसरला. आत्याबाई, बघा की, दादानं लुगडं धाडलंय!"

आतून म्हातारी काहीतरी पुटपुटली. बाबालाल खाली बघत होता. चिमणाबाईनं घरातला होता नव्हता तो गूळ घालून त्याला चहा दिला. मग त्यानं अर्ज काढला, शाईची डबी काढली.

"ह्ये काय?"

"सरकारी कागद हाय. जमीन तुमच्या भावाच्या नावावर सरळ व्हाया पायजे म्हनून." गणपतरावांनी घोकून घेतलेलं वाक्य त्यानं एका दमात म्हणून टाकलं. शेत विकायचं आहे, त्याचे तुकडे पडणार आहेत, हे त्या वाक्यात नव्हतं.

"त्येचीच हाय की. मी कवा मागितलीया?" तिनं अंगठा पुढं केला. डाव्या अंगठ्याचं पेर चुलीतल्या निखाऱ्यांच्या चटक्यांनी गुळगुळीत झालं होतं. त्यानं तो शाईत दाबला, कागदावर टेकवला. ठसा फिका उठला. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. दुसऱ्यांदा त्याचा हात थरथरला, तर तिनंच त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "सावकाश, दादा."

काम झालं होतं. उठायचं तेवढं बाकी होतं.

"एक निरोप द्या," ती म्हणाली. "पंचमीला न्ह्याला ये म्हनावं. न्हाय जमलं तर मीच येईन, आता लुगडंबी हाय. बांधावर वारूळ हाय आमच्या. आई हुती तवा आमी दोगी तितं लाह्या वाहायचो. जमीन त्येला ऱ्हाऊंदे. वारुळापतोर वाट तेवढी ठेव म्हनावं."

"सांगतो," बाबालाल म्हणाला.

त्यानं गणपतरावांना सांगितलं. ते एवढे हसले की चहा सांडला. "हंबीररावानं सही केली, पैसं घेतलं आन् घराला कुलूप घालून गाव सोडलंय. निरोप काय कुलपाला देतोस?"

जून संपेस्तोवर शेतात रंगवलेले दगड उभे राहिले. प्लॉट भराभर गेले, फक्त नऊ नंबर मागं राहिला. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि मान हलवून निघून जायचं. "त्येच्यात वारूळ हाय," गणपतरावांनी सांगितलं. "त्याला फावडं लावाय कुनाचा हात धजत न्हाय. तुला काय रं? तुला चालतंय की. घे तू."

ते वारूळ कुठलं, हे बाबालालला विचारायची गरज नव्हती. नको म्हणावं असं जिभेवर आलंही होतं. पण आदली रात्रभर खैरुनबी खोकली होती. त्यानं नऊ नंबर घेतला.

तीन आठवडे त्यानं वारुळाला हात लावला नाही. पण खैरुनबी दर रविवारी तिथं येऊन पावलांनी खोल्या मोजायची, आणि चार विटा मांडून म्हणायची, "हितं चूल. कापसाचा कन न्हाय येनार हितं." मग वारुळाकडं बघून, "अवो, तेवढं काडा की. जनावर निघालं तर? लेकरं हायती." तिचं काय चुकत होतं? एका सकाळी त्यानं स्वतःच फावडं घेतलं. आत साप नव्हता. नुसती कोरडी, मऊ माती होती आणि ती पिंजलेल्या कापसासारखी हलकेच पसरली.

पंचमीच्या दिवशी झिमझिम पाऊस होता. बाबालाल पायाची चर खणत होता, खैरुनबी शेजारच्या विहिरीवर पाणी आणायला गेली होती. रस्त्यावर एसटी थांबली आणि हिरवं लुगडं नेसलेली बाई उतरली. हातात पितळी तांब्या, कमरेला लाह्यांची पुरचुंडी. ती दगडांमधून हिंडू लागली, थबकली, मागं वळली, पुन्हा पुढं आली. स्वतःच्या बापाच्या शेतात ती वाट चुकली होती.

मग तिनं त्याला पाहिलं. "पिंजारीदादा? तुमी हितं?"

"व्हय." फावडं कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

"आदी घराकडं जाऊन आलो, कुलूप हाय. दादा कुठं गेला?"

"गाव सोडलं म्हनत्यात."

"निरोप दिलतासा?"

तो फावड्याला चिकटलेली माती बोटानं खरवडू लागला. तिनं रंगवलेल्या दगडांकडं पाहिलं, खणलेल्या चरीकडं पाहिलं, त्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडं पाहिलं. अंगठा दुसऱ्यांदा घेताना तो हात का थरथरला होता, हे तिला आत्ता उमगलं असावं. बाबालालला वाटलं, हिनं आता शिव्या द्याव्यात, तळतळाट द्यावा. म्हणजे निदान तोंड वर करून ऐकता तरी येईल.

"वारूळ हितंच हुतं," ती म्हणाली. आवाज साधाच होता.

सपाट मातीवर, विटांच्या मधोमध ती बसली. दूध ओतलं, लाह्या ठेवल्या. हळदकुंकू लावायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून ते तिनं शेजारच्या दगडावर, लाल रंगात लिहिलेल्या नऊवर लावलं. तिला वाचता येत नव्हतं. हात जोडून ती उठली.

"चिमणी येऊन गेली म्हनावं, कवा भेटला तर." एवढं बोलून ती रस्त्याकडं निघाली. पावसानं लुगड्याची खळ पार निघून गेली होती. ते तिच्या पोटऱ्यांना चिकटलं होतं आणि त्याचा हिरवा रंग टाचांवर ओघळत होता.

खैरुनबी घागर घेऊन आली. विटांमधलं दूध आणि लाह्या तिनं पाहिल्या.

"कोन आलतं?"

"जागेची मालकीन," बाबालाल म्हणाला आणि ओल्या चरीच्या काठावर बसला.

खैरुनबीनं त्या दुधा-लाह्यांकडं पुन्हा एकदा पाहिलं. घागर उतरवली, डोक्यावरून पदर घेतला आणि खोकत खोकत त्या चार विटा एकेक करून उचलून दोन हात पलीकडं मांडल्या.