पाहुण्यांच्या बाजूने

युवा फुटबॉल स्पर्धेत रिकाम्या खुर्च्या भरायला शाळांना न्यायचे. प्रत्येक शाळेला पाठिंबा द्यायला एकेक देश वाटून दिलेला असे. त्या दिवशी आमच्या वाट्याला पाहुणा संघ आला आणि समोर, आपल्या देशाच्या संघाच्या गोलमध्ये, माझा दादा उभा होता.

शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांना पेनल्टी मिळाली.

"बाई, तो माझा दादा आहे. त्याच्यासाठी ओरडू?"

"आज नाही गं! कॅमेरा आपल्यावरच आहे."

"शत्रूची बहीण!" मागून मैत्रीण खिदळली.

तरी मी जिवाच्या आकांताने "दादा!" म्हणून ओरडले. वर्गाच्या गलक्यात ते मलाही ऐकू आलं नाही. चेंडू जाळ्यात गेला. पोरी नाचू लागल्या. दादा उठून आमच्याकडे बघत राहिला. त्या नाचणाऱ्यांत तो मला शोधत होता.