वळचणीचे वल्हे

सन १९६० च्या आश्विनाच्या अखेरीस दक्षिणेकडून अवेळी वादळ उठले. पाऊस अखंड कोसळला. पेणच्या वाटेवरील मोरी वाहून गेली, एस.टी. थांबली, आणि रेवसहून खाडीपलीकडे करंजास नेणारी नावही बंद झाली. रेवसलगतच्या कोळीवाड्यातील धर्माजी तांडेल सकाळी ओट्यावर उभा राहून सागराचे ते क्षुब्ध रूप पाहत होता. सागरास हात जोडल्यावाचून दिवसाचा आरंभ न करणारा हा पुरुष. त्या दिवशी मात्र नमस्कार करताना त्याच्या मनात एक कठोर समाधान होते. भागोजीची रजा आज संपत होती. दिवेलागणीपूर्वी तो ठाण्याच्या तुरुंगात हजर झाला नाही, तर इतक्या वर्षांच्या सद्वर्तनाने मिळालेली शिक्षेतील सूट जप्त होणार होती, आणि मुदतीआधी सुटण्याची त्याची वाट कायमची बुजणार होती. धर्माजीला हेच हवे होते.

बारा वर्षांपूर्वी, समुद्रात जाळ्याचे खुंट कुणी कुठे रोवावे या वादात, भागोजीने धर्माजीच्या थोरल्या भावाच्या, सदाच्या, डोक्यात दांडके घातले होते. सदा वाळूतच गेला. भागोजीस जन्मठेप झाली. त्या दिवसापासून सदाचे वल्हे धर्माजीने घराच्या वळचणीला खोवून ठेवले. होडीसाठी नवी वल्ही आली, झिजली, मोडली. पण त्या वल्ह्यास कुणाचा हात लागू दिला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात फौजदार गावात आला होता. सुधारलेल्या कैद्यांस लवकर सोडावे की काय, याचा विचार सरकारने नेमलेले मंडळ करीत होते, आणि मृताच्या घरच्यांचे म्हणणे त्यास हवे होते. धर्माजीने ठणकावून सांगितले होते, "तो मानूस पळंल, साहेब. रजेवर सोडून बघा. माघारी यायचा न्हाय." मंडळाने ते शब्द मनावर घेतले आणि परीक्षा म्हणून भागोजीस रजा दिली.

"भावजी!" सदाची विधवा तुळशी दारातून म्हणाली. "तो बघा. आईची होडी ढकलतोय."

धर्माजीने पाहिले. किनाऱ्यावर भागोजी आपल्या आईची जुनी होडी एकट्याने लाटांकडे रेटत होता. तिच्या तळाच्या फळ्या उकललेल्या होत्या, आणि वल्ह्याऐवजी आत नुसता बांबू पडला होता. ती खाडीच्या मध्यापर्यंतही टिकती ना. धर्माजी वाळू तुडवीत खाली गेला.

"भाग्या, मरायचंय काय?"

"ठान्याला जायचंय."

"अरे, वाट बंद हाय. अलिबागला चौकीवर जा, सायबाकडून लिहून घे. वादळाला काय तू आनलंस?"

"ते मलाबी सुचलं." भागोजीने होडीवरचा हात काढला नाही. "पन आमच्या तुरुंगातनं अशी रजा पयल्यांदा मलाच दिली. जेलर सायबानं भांडून दिली. मी कागद घेऊन उशिरा गेलो, तर कागद खरा असंल, पन लोक म्हनतील, बघा, सोडलं की सबबी सुरू. माझ्यामागं रांगेत मानसं हायेत, धर्मा. म्हातारी मानसं. त्यांची दारं माझ्यामुळं बंद व्हायची."

पळू इच्छिणाऱ्यास हे वादळ म्हणजे आयते निमित्त होते. आणि हा त्याच वादळात तुरुंगाकडे निघाला होता. आपण फौजदारास जे बोललो ते धर्माजीला आठवले, आणि ते आठवणे सुखाचे नव्हते.

"माझी होडी धड हाय," तो अखेर म्हणाला. "पन एक वल्हं रातच्याला मोडलं. एका वल्ह्यानं खाडी कापनार न्हाय."

मागे पावले वाजली. तुळशी येत होती. तिच्या खांद्यावर सदाचे वल्हे होते.

"वहिनी, ते न्हाय."

"ते माझ्या नवऱ्याचं हाय, तुमचं न्हाय." तिने वल्हे धर्माजीच्या होडीत टाकले. भागोजीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. "ह्यानं बुडून मोकळं व्हावं, हे मला चालायचं न्हाय. आन् तुमीच म्हनालात ना, पळंल म्हनून? मग जा. पळतोय का, ते डोळ्यांनी बघून या."

भागोजी वल्ह्यापुढे उभा राहिला. हात पुढे करीना.

"उचल," धर्माजी म्हणाला. "पूजा करायला आनलं न्हाय."

भागोजीने वाकून ते मस्तकी लावले आणि जागेवर बसला.

खाडीच्या मुखाशी भरतीचे पाणी आणि वारा एकमेकांशी झुंजत होते. लाट अंगावर येई, होडी उभी राही आणि आदळे. द्रोणागिरीचा डोंगर पावसात दिसे आणि लोपे. दोघांची वल्ही एकदम पडत, कारण न पडती तर होडी आडवी झाली असती. तुरुंगात वर्षानुवर्षे हातमागावर बसून भागोजीच्या हातांची समुद्राची सवय गेली होती. तळवे फुटले, वल्ह्याच्या दांड्यावर रक्त उतरले. तो थांबला नाही.

"तुरुंगात जायला येवढी घाई केलेला मानूस मी बघितला न्हाय!" धर्माजी वाऱ्यावरून ओरडला.

"जेवन बरं असतं!" भागोजी तितक्याच जोराने ओरडला.

धर्माजीला हसू फुटले आणि त्याच क्षणी सदाच्या स्मरणाने ते ओठांवर गोठले. त्याने दात आवळून वल्हे ओढले.

करंजास होडी लागली तेव्हा दुपार व्हायची होती. खाडीच्या या बाजूची वाट शाबूत होती, आणि उरणहून पनवेलची गाडी सुटणार होती. भागोजीने वल्ह्यावरचे रक्त समुद्राच्या पाण्याने नीट धुतले, ते होडीत आडवे ठेवले आणि ओल्या कपड्यांनी उरणच्या वाटेने धावत सुटला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तो वळणाआड होईतो धर्माजी पाहत राहिला.

माघ महिन्यात फौजदार पुन्हा आला. ओट्यावर बसून म्हणाला, "दिवे लागायच्या आत हजर झाला तो. मंडळाने पुन्हा विचारलं आहे. सोडावा का? आणि सोडला तर काम कोण देणार?"

धर्माजीने हातातले जाळे बाजूला ठेवले.

"मी खोटा पडलो, ते आधी लिहा," तो म्हणाला. "त्याला आत ठेवून माझा भाऊ माघारी यायचा न्हाय. सोडा त्याला. माझ्या होडीवर मानूस कमी हाय. काम मी देतो."

फौजदाराने तुळशीकडे पाहिले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

ती सुकी मासळी उलटीत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांच्या होडीवर वल्हं मारू दे. पन माझ्या दारावरनं त्यानं चालायचं न्हाय. पान्यातनं यावं, पान्यातनं जावं. तेबी लिहा."

फौजदाराने तेही लिहून घेतले.