आमाले बिबा उतत नाही

शाळिग्रामचे केस पाहून माह्या पोटात दुखे, हे मी आधीच सांगून टाकतो. उगाच मंग कोणी म्हणायले नको का शेषराव मनातलं लपवते. काय केस होते त्या पोट्ट्याचे! तेलाचा पत्ता नाही, शिकेकाईचा पत्ता नाही, आठ-आठ दिवस धुणं नाही, तरी मेले कंबरेपर्यंत वाढूनच राह्यले. अन् मी इकडे खोबऱ्याचं तेल, माका, जास्वंदीचे फुलं, काय काय नाही केलं. देव बी कोणाच्या पदरात काय टाकीन सांगता येत नाही.

आता माणसाले कंबरेपर्यंत केस कायले पाह्यजेत, हे सांगतो. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याले, जळगाव जामोदच्या अंगाले. महाशिवरात्रीच्या जत्रेत गावचं नाटक होते. नवं महाराष्ट्र राज्य येऊन दोन वर्षं झाले, पण आमच्या गावची बाई काही अजून स्टेजवर चढली नाही. म्हणून राणीचा पार्ट माह्याकडे. मिसूट फुटली तवापासून मीच राणी.

नाटक आमच्या भगवानराव मास्तरनं लिवलेलं. पेटी बी तेच वाजवतात. त्यात लढाईवरून निरोप येते का राजा पडला, अन् राणी भर दरबारात अंबाडा सोडते. बस, तेवढंच नाटक. बाकी सारं लोकाइले पाठ आहे. कोणी भजे खायले जाते, कोणी बिडी वढायले जाते. पण अंबाडा सोडायची येळ आली का सारे परत येऊन बसतात. मी लोकाइकडे पाठ करतो, आकडा काढतो, मान झटकतो, अन् केस धपकन पाठीवर पडतात. टोप नाही, गंगावन नाही, माह्ये सोताचे केस. शेगावहून आलेला माणूस बी तोंडात बोट घालते. भगवानराव मास्तर दरसाल कुरकुर करत का शेषराव, जराक तोंड दाखव, राणी रडते का हसते ते लोकाइले समजू दे. मी म्हणो, मास्तर, लोकं तोंड पाहायले येतात का केस?

दोन वर्षांखाली हा शाळिग्राम शेगावहून आला, लहानपणापासून तिथंच शिकायले होता. मॅट्रिकले नापास झाला, गावात बसला, अन् मास्तरनं त्याले माह्या दासीचा पार्ट दिला. दासीले एकच वाक्य. पण तो पंखा हालवत माह्या मांगं उभा राहे, अन् बाया राणीले सोडून दासीले पाहात. माही बायको तानुबाई मले म्हणे का पोट्ट्याचे केस चांगले आहेत व माय. मले म्हणे, माह्या तोंडावर. त्या रात्री माह्याच्यानं भाकर गिळली नाही.

अन् औंदा दिवाळीनंतर तानुबाई माह्या डोक्याले तेल लावून राह्यली होती, तं तिचा हात थांबला. मी म्हटलं काय झालं. तिनं मंग माहं बोट धरून मांगच्या बाजूले नेलं. चवन्नीएवढी जागा गुळगुळीत. चाई लागली होती.

चाई म्हणजे काय, ते ज्याले लागली त्यालेच समजते. दुखत नाही, खाजत नाही, चुपचाप केस खाऊन टाकते. मी तानुबाईले शपथ घातली का कोणाले सांगशीन तं पाय. एकट्या कारभाऱ्याले सांगितलं, तो आमचा न्हावी, त्याच्यापासून डोकं लपवता येत नाही. त्यानं उंबराच्या खरखरीत पानानं ती जागा घासली अन् गुंज उगाळून लावली. आग झाली, लाल झालं, खपली धरली. खपली पडली तं खाली पांढरी बारीक लव दिसली. कारभारी म्हणे, झालं, आता हात लावू नको, चाईचे केस येतात आपल्या मनानं, पहिले पांढरे, मंग काळे. फक्त दम धर.

दम कुठून धरू? शिवरात्र महिन्यावर आली होती. तालमीत शाळिग्राम माह्या मांगं उभा, अन् मले वाटे त्याची नजर माह्या चाईवरच आहे. पांढरी लव घेऊन मी लोकाइकडे पाठ करू? राणी का म्हतारी झाली? मले काळं पाह्यजे होतं, अन् लवकर.

मंग मले बिबा आठवला.

आमच्या गावात बिब्यावर अर्ध्या लोकाइचं पोट आहे. हिवाळ्यात डोंगरातून बिबे येतात, घरोघरी बाया हाताले राख लावून ते फोडतात, आतली गोडंबी काढतात, अन् शेगावचा व्यापारी अब्दुल गनी ती घेऊन जाते. बिब्याचं काळं तेल अंगावर उडालं का दुसऱ्या गावच्या माणसाले फोड येतात, अंग सुजते, त्याले आम्ही बिबा उतला म्हणतो. आमच्या गावच्या माणसाले उतत नाही. पाळण्यात असतानीच चुलीत घातलेल्या बिब्याच्या टरफलाचा धूर नाकात गेला असते. नवी सून आली का पहिल्या हिवाळ्यात तिचं तोंड भोपळ्यावानी सुजते, अन् सारं गाव हासते. तानुबाई मेहकरकडची, तिचं बी सुजलं होतं. मी बी हासलो होतो.

बिब्यानं चाई जाते, असं आमची बुढी, म्हणजे माही माय, सांगे. अन् बिब्याचा डाग काळा, धुतला तरी निघत नाही. म्हणजे औषध बी अन् रंग बी. मी बिबा सुईनं टोचला, दिव्यावर धरला, अन् तेलाचे थेंब चाईवर लावून घेतले. तानुबाई म्हणे, अवो, राहू द्या, उतीन. मी म्हटलं, मी काय मेहकरचा आहो? आमाले बिबा उतत नाही.

पण एक गोष्ट माह्या ध्यानातच आली नाही. राणीच्या हातावर काळे डाग दिसू नयेत म्हणून मी राणी झालो तवापासून बुढीनं मले बिब्याले शिवू दिलं नव्हतं. बाया फोडायले बसल्या का मले मळ्यात धाडे. माहं अंग बिबा कवाच विसरून गेलं होतं. गावचा असून मी नव्या सुनेवानी झालो होतो.

तिसऱ्या दिवशी उतला. पहिले खाज, मंग आग, मंग फोड. डोकं, कान, मान, कपाळ, सारं फुगलं. डोळे मिटले. फोडातून पाणी गळे, केस त्यात चिकटत, अन् सोडवायले गेलं का मुठीनं हातात येत. तानुबाईनं खोबरं अन् तीळ वाटून लेप दिला, रातभर ताकाचं फडकं बदललं. एक शब्द टोचून बोलली नाही. हासली असती तं बरं वाटलं असतं.

एस.टी.नं शेगावले नेलं. डॉक्टरनं पाहूनच कपाळाले हात लावला. म्हणे, आता डोक्याले काहीही लावायचं नाही. ना लेप, ना साबण, ना तेल. उकळून थंड केलेल्या पाण्याची घडी ठेवा, हे पांढरं औषध लावा, नखं कापा, खाजवू नका. फोडाची जागा वाळेपर्यंत टोप नाही, पागोटं बी नाही, ढिलं सुती फडकं तेवढं. मी इचारलं का नाटक. ते म्हणे, नाटक करायचं तं पुढच्या वर्षी करा, केस येतील, जिथं कातडी खोल जळली तिथं कदाचित नाही.

गावात मी सांगितलं का आग्या मोहोळ उठलं, माशा चावल्या. लोकाइनं ऐकून घेतलं. भगवानराव मास्तर येऊन हळहळले, अन् जाता जाता म्हणे का राणीचा पार्ट शाळिग्रामले देतो, त्याचा पाठच आहे. पाठच आहे! म्हणजे दोन वर्षं पंखा हालवता हालवता मेल्यानं माहं सारं उचललं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. मनात म्हटलं, देवा, त्याच्या बी केसाले काहीतरी लाव. हो, म्हटलं. चांगलं दोन-तीनदा म्हटलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी अंगणात खाटेवर बसलो होतो, डोक्याले ढिलं फडकं. सूज उतरली होती, पण जागोजागी कातडी लाल अन् खपल्या. तानुबाई चुलीपाशी होती. तवा शाळिग्राम आला. खाटेपाशी खाली बसला, इकडेतिकडे पाह्यलं, अन् आपले केस मांगून वर उचलले.

मानेच्या जराक वर चवन्नीएवढी जागा. गुळगुळीत.

"शेषरावभाऊ," तो म्हणे, "आज अंबाडा सोडला का लोकाइले दिसीन. माहा हात तिथं पोचत नाही. तुम्ही लावून द्या."

अन् खिशातून त्यानं बिबा काढला, सुई काढली. म्हणे, डाग काळा पडीन, घामानं बी जाणार नाही, अन् आपल्याले काही उतत नाही. घरच्याइले सांगितलं तं आई रडीन, म्हणून माह्याकडे आला. माह्याकडे! साऱ्या गावात त्याले मीच सापडलो.

मी बिबा हातात घेतला. कसा गुळगुळीत अन् भरलेला होता. मले सारं दिसत होतं. इतके वर्षं शेगावले राह्यलेल्या पोट्ट्याचं अंग बी माह्यावानी बिबा विसरलेलंच. आजचं नाटक झ्याक झालं असतं, कारण बिबा त्याच दिवशी उतत नाही. दोन दिवसानं उतला असता. त्यानं सोताच आणला, सोताच मागितला, मले कोणी बोट दावलं नसतं. अन् ते कंबरेपर्यंतचे केस मुठीमुठीनं पडले असते, माह्यावानी. मी जे देवाले मागितलं, ते त्यानं आणून माह्या हातात दिलं होतं.

त्याले म्हटलं, मान वाकव. त्यानं वाकवली. मी केस बाजूले केले. थंडगार, जड केस. खाली चाईची जागा गोरीपान, लेकराच्या टाळूवानी. त्या पोट्ट्यानं डोळे मिटून मान माह्यापुढं दिली होती, अन् माहं डोकं आगीनं ठणकून राह्यलं होतं. त्या आगीचा एक थेंब बी त्या गोऱ्या जागेवर टाकायले माहा हात उठे ना. मले माहाच राग आला. इतका जळतो तू, शेषराव, अन् हात काऊन उठत नाही तुहा?

मी बिबा अंगणाच्या काटेरी कुपाटीच्या पार फेकला. अन् डोक्याचं फडकं सोडलं.

"हे पाय," मी म्हटलं. "माशा नाही चावल्या. चाईले बिबा लावला होता मी."

शाळिग्रामनं पाह्यलं. त्याचं तोंड उतरलं. इतके दिवस तानुबाई अन् डॉक्टर सोडून कोणालेच मी ते डोकं दावलं नव्हतं, कारभाऱ्याले बी नाही. अन् दावलं कोणाले, तं त्याले.

तो म्हणे, मंग आता काय करू? काजळ घामानं वाहीन. गंगावन बांधायले येळ नाही. पाठ केली का दिसणारच. रडकुंडीले आला होता.

मले हासू आलं अन् राग बी आला. म्हटलं, पाठ करतंच कायले बे? लोकाइकडे तोंड ठेव. केस समोर सोड, छातीवर. मांगची जागा कोणाले दिसते? तो म्हणे, पण तुम्ही तं पाठ करत होते. म्हटलं, मी करत होतो, मले रडता येत नाही म्हणून. हे मी कवा कोणाले सांगितलं नव्हतं, सोताले बी नाही. तोंडातून निघून गेलं.

म्हटलं, कर आता इथंच, पाहू दे. तो अंगणाच्या मधात उभा राह्यला. मी निरोप्याचं वाक्य म्हटलं का महाराज पडले. त्यानं आकडा काढला. केस झटकले नाही, हळूच दोन्ही हातानं पुढं घेतले, अन् त्या केसाइकडे अशी नजर लावली का जसं आता हे विंचरायचं तरी कोणासाठी. बस, एवढंच. रडला बी नाही. ओठ जराक हालले.

माह्या छातीत जळत गेलं. इतकं तं बिब्यानं बी जळलं नव्हतं.

मी तानुबाईकडे पाह्यलं. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली होती, चूल इझून चालली होती, अन् तिच्या डोळ्याचं पाणी थांबे ना.

"काऊन रडून राह्यली व?" मी म्हटलं.

"राजा मेला नं तिचा," ती म्हणे.

लग्न झाल्यापासून दरसाल ती माह्या नाटकाले पुढं येऊन बसायची. राजा मेला हे तिले आज समजलं.