चार दिवसांचं औषध

हिंदुराव थंडीनं असा कुडकुडत होता, की लोखंडी खाटेचे पाय फरशीवर वाजत होते. मालतीबाईंनी सलाईनचा वेग कमी केला, अंगावर दुसरं ब्लँकेट टाकलं आणि त्याचं मनगट धरून त्या उभ्या राहिल्या.

"शिस्टर, काढा की ही सुई. लई थंडी वाजायलीय."

"अर्धा तास कळ काढा. कालही थांबली होती ना?"

दोन हजार एकवीसचा जून. कोरोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी धरत होती आणि सोलापुरातल्या त्या रुग्णालयात तिच्यासाठी वेगळा वॉर्ड केला होता. मालतीबाईंची नर्सची नोकरी सव्वीस वर्षांची. डॉक्टर लिहितील ते वेळेवर आणि मापात द्यायचं. त्यात त्यांनी कधी चूक केली नव्हती, कधी मतही दिलं नव्हतं.

हिंदुराव मोहोळकडचा. नाकातली बुरशी काढायचं ऑपरेशन होऊन तो इथे आला होता. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोचं, बजाबाईचं लक्ष शेजारच्या खाटेकडे होतं. तिथे दुधनीचे व्यापारी चनबसप्पा हाताला सलाईन लावून निवांत पेपर वाचत होते.

"त्यास्नी बी हेच औषद हाय म्हनं. मग त्यास्नी कशी थंडी वाजत न्हाय?"

"औषध तेच, पण त्यांचं चरबीच्या बारीक थेंबांत बसवलेलं असतं. अंगाला सोसतं, किडनीला जपतं. त्यांची किडनी आधीच अधू आहे. तुमच्या मालकांची चांगली आहे."

"म्हंजी चांगली हाय म्हनून नासवायची व्हय?"

मालतीबाईंनी घसरलेलं ब्लँकेट वर ओढलं. ते दुसरं औषध जिल्ह्याला मोजकंच येत होतं.

सहाव्या दिवशी हिंदुरावच्या रक्तातलं क्रिएटिनिन दुप्पट झालं; त्याचीही किडनी बिघडू लागली होती. मालतीबाई रिपोर्ट घेऊन डॉक्टर निवेदितांकडे गेल्या.

"साधं औषध बंद करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं फक्त चार दिवसांचं उरलंय, तेही एकापुरतं. ते चनबसप्पांसाठी ठेवलं होतं. त्यांना आजच गोळ्यांवर घेतलं तर... सिस्टर, तुम्ही रोज बघता दोघांना. काय वाटतं?"

सव्वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"चनबसप्पा दोन्ही वेळा जेवतात. ताप नाही. हिंदुरावचं ऑपरेशन ताजं आहे, त्याला नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावची खाट वाजली नाही. बजाबाई त्याचे पाय चेपता चेपता बसल्या जागी झोपली. चनबसप्पांना तिसऱ्या दिवशी डोकेदुखी सुरू झाली. पाचव्या दिवशी नवा साठा आला, तेव्हा ते बायकोला ओळखत नव्हते. पुन्हा सलाईन लावलं. बुरशी मेंदूत गेली होती. आठव्या दिवशी सकाळी ते गेले.

"गोळ्यांमुळेच झालं असं म्हणता येत नाही," डॉक्टर निवेदिता म्हणाल्या. "सलाईन चालू असतानाही होतं हे."

"हो," मालतीबाई म्हणाल्या.

कागदपत्रं झाली. पुतण्या शववाहिकेपाशी उभा होता. चनबसप्पांच्या पत्नी, सावित्रम्मा, खाटेखालचं सामान पिशवीत भरत होत्या.

"गोळ्या चालू केल्या त्या दिवशी लई खूश होते बघा, सिस्टर. सुई सुटली म्हणाले. घरला फोन लावून नातीबरोबर कन्नडमध्ये गाणं म्हणाले. तेवढा एक दिवस बरा गेला त्यांचा."

त्या दिवशी काय ठरलं आणि कुणाच्या बोलण्यावर ठरलं, हे मालतीबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण सावित्रम्मांच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, फाटकापर्यंत त्यांच्या चालीनं चालत गेल्या आणि हाताला धरून त्यांना गाडीत चढवलं.

वॉर्डात परत येऊन त्यांनी साबणानं हात धुतले. हिंदुरावचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी नळी बंद केली, नोंद केली आणि तिथेच उभ्या राहिल्या. बजाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, उठून आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतः खाली फरशीवर टेकली.

मालतीबाई स्टुलावर बसल्या.